दडप्या पोह्यांवरची हार्ड डिस्क

आमच्या घरात दडपे पोहे करायचे म्हणजे पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर घालून कालवायचे, वर ताटली उपडी घालायची आणि त्या ताटलीवर हार्ड डिस्क ठेवायची. बाकीचे लोक पाण्याने भरलेला तांब्या ठेवतात. आमच्याकडे हार्ड डिस्क. ही पद्धत माझ्या बायकोने पाडली होती आणि ती असेपर्यंत मोडली नाही.

आता पोरांच्या खिशात मावतात तसली ती डिस्क नव्हे. विटेएवढी, आणि विटेपेक्षा जड. मी बोईसरला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो. मोटार उतरवायची, तिच्या तारा नव्याने गुंडाळायच्या, परत चढवायची, यातच आयुष्य गेलं. शाळा सातवीत सुटली, की शाळेने मला सोडलं, ते आता आठवत नाही. तर कारखान्याच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले तेव्हा साहेब म्हणाला, जाण्याआधी कुणाला काय हवं ते घ्या. लोकांनी खुर्च्या नेल्या. एकाने पडदे नेले. मी ही वीट उचलली, कारण तिच्या पोटात मोटार आहे असं कुणीतरी म्हणालं, आणि फुकटच्या मोटारीला मला नाही म्हणता येत नाही. घरी आणल्यावर बायकोने ती दोन्ही हातांनी तोलून बघितली, म्हणाली, वजन चांगलं आहे, आणि थेट स्वयंपाकघरात नेली. पोटात काय आहे ते तिने विचारलंच नाही.

ती गेली आणि त्या विटेचं काम गेलं. एकट्या माणसासाठी दडपे पोहे कुणी करत नाही. वीट ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहिली, मी खोलीत बसून राहिलो. बसून म्हणजे बसून नव्हे. ती गेल्यापासून माझं सगळंच भरभर व्हायला लागलं होतं. आंघोळ, चहा, कपडे, केर, सगळं उरकून बघतो तर दूधवाला अजून यायचा असतो. जेवायला बसलो की ताट संपतं आणि काय खाल्लं ते समजत नाही. पूर्वी ती समोरून म्हणायची, "गाडी चुकतेय का?" मग मी हळू व्हायचो. आता कुणी म्हणत नाही, आणि आपण भरभर खातोय हे आपल्याला आपलं कळत नाही, हे मला या वयात कळलं.

आता मुद्द्याचं. माझा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरात आहे. सून आहे, एक नात आहे. या नातीचं बोरन्हाण राहून गेलं होतं. लहान मुलाला संक्रांतीनंतर काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओतायचे, जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. रथसप्तमीपर्यंत कधीही करा, पण मूल पाच वर्षांचं होईपर्यंतच. पहिल्या खेपेला पोरीला ताप होता. दुसऱ्या खेपेला बायको अंथरुणाला खिळली होती. मग दुखवट्याचं वर्ष. आता पोरीला पाचवं लागलं होतं. यंदा नाही तर नाही.

बायकोने आळीतल्या निम्म्या पोरांची बोरन्हाणं आमच्या अंगणात घातलेली. हलवा घरी करायची, काटेरी. नातीचंही इथेच घालायचं असं ती म्हणायची. मरताना वगैरे काही म्हणाली नाही. मरताना ती मला, गॅस बंद केलास का, एवढंच विचारत होती. पण धडधाकट असताना म्हणायची, आणि मला ते पुरे होतं.

सुनेचा विचार वेगळा होता. वाईट नव्हता. त्यांच्या सोसायटीत क्लबहाउस आहे. तिथे फुगेवाला येईल, पोरं बोलावता येतील आणि कापसाचं मशीन भाड्याने आणता येईल. कापूस म्हणजे साखरेचा गुलाबी कापूस, आमच्या लहानपणी त्याला म्हातारीचे केस म्हणायचे. नातीला बोरन्हाण काय ते माहीत नव्हतं. तिने एवढंच सांगितलं होतं, की कापूस हवा. सून फोनवर म्हणाली, "बाबा, तिकडे कापसाचं मशीन कुठे मिळणार? आणि तिने तर तेवढंच मागितलंय."

मी म्हटलं, "मशीन आहे आपल्याकडे."

नव्हतं. तोंडातून गेलं. पलीकडून सून म्हणाली, आहे तर आम्ही येतो, बोईसरलाच करू, रविवार धरू. फोन ठेवला आणि मी घरात चहूकडे बघितलं. मिक्सर होता, टेबलफॅन होता, इस्त्री होती.

आधी म्हटलं, हलव्याने भागतं का बघू. हलवा चांगला झाला तर पोरगी कापूस विसरेल. बायकोची कढई काढली, शेगडीत निखारे केले, खसखस घातली, वरून पाकाचा एकेक चमचा सोडत बोटांनी हलवत बसलो. ती हे काम गुणगुणत करायची आणि हलव्याला काटे यायचे. मला घाई. पाक दोन चमचे, तीन चमचे. काटे माझ्या बोटांना आले. हलव्याचे झाले खडे, रस्त्याच्या कामावर टाकतात तसले. फोटो पाठवला तेव्हा सुनेने लिहिलं, छान झालाय. चांगल्या घरची पोर आहे.

मच्छी घेऊन मावशी आली तिने मात्र तोंडावर सांगितलं. ही मावशी किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. डोक्यावर पाटी घेऊन आमच्या आळीत बोंबील, मांदेली विकते. बायकोची आणि तिची मैत्री होती. दोघी मासळीच्या भावावरून भांडायच्या आणि मग चहा प्यायच्या. बायको गेल्यावरही ती माझ्या ओट्यावर पाटी उतरवते. भांडायला मी कामाचा नाही असं ती म्हणते, पण बसते. तिने एक खडा तोंडात टाकला, गालात इकडून तिकडे फिरवला आणि बाहेर काढून हातात धरला.

"भाऊ, यो पोरीच्या डोक्यावर वतू नका. टाके घालायला लागतील."

म्हणजे कापूसच करायला हवा होता.

कापूस कसा होतो ते मी जत्रेत उभं राहून बघितलेलं. मोटारवाल्या माणसाला मोटारीपलीकडे दिसत नाही. मध्ये भोकं पाडलेली डबी असते, तिच्यात साखर, खाली जाळ. साखर वितळते, डबी गरगर फिरते, पातळ झालेली साखर भोकांतून बाहेर फेकली जाते आणि हवेत तिचा धागा होतो. सगळी मेख वेगात आहे. हळू फिरली तर साखर डबीतच करपते. फार जोरात फिरली तर धागा धरत नाही, भुकटी होते. टेबलफॅन फार हळू. मिक्सर फार जोरात आणि वर भित्रा, दोन मिनिटांत तापतो. मी घरात फिरत होतो, आणि ओट्यावर ती वीट होती.

मुलाला फोन केला. विचारलं, त्या जुन्या हार्ड डिस्कमधली मोटार किती फिरते रे? तो म्हणाला, मिनिटाला छत्तीसशे फेरे, पण तुम्हाला कशाला? मी म्हटलं, कापसाला. तो म्हणाला, थांबा, व्हिडिओवर या.

मी झाकण उघडलं. आत आरशासारख्या ताटल्या, एकावर एक. त्यांच्यावर बारीक हात, ग्रामोफोनला असतो तसा, पण डासाच्या मापाचा. मी हात काढला, ताटल्या काढल्या. एक ताटली मावशीला दिली; ती आता पाटीत ठेवते आणि गिऱ्हाईक नसलं की तोंड बघते. खाली राहिली मोटार आणि तिचं सर्किटचं पान.

मुलाने मला समजावलं, आणि खरं सांगतो, नीट समजावलं. त्याला वाटत होतं मी ऐकत नाहीये, पण ऐकत होतो. तो म्हणाला, बाबा, या मोटारीला आपण किती फिरतोय ते कळत नाही. तिच्या बुडाशी एक खाच असलेली चकती आहे, शेजारी एक बारीक डोळा आहे. प्रत्येक फेऱ्याला खाच डोळ्यासमोरून जाते, डोळा सर्किटला सांगतो, एक झाला. सर्किट मोजतं. कमी पडले तर वीज वाढवतं, जास्त झाले तर कमी करतं. असं दर फेऱ्याला.

"आणि डोळ्याने सांगितलंच नाही तर?"

"तर सर्किटला वाटतं मोटार उभीच आहे. मग ते वीज ढकलत राहतं. मोटार पळत सुटते आणि ते आणखी ढकलतं. नवी डिस्क असती तर उत्तर आलं नाही म्हणून स्वतः बंद झाली असती. ही जुनी आहे. हिला थांबायची अक्कल नाही."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखी."

त्याने विचारलं, ताटल्या काढल्यात का? मी म्हटलं, काढल्या. तो म्हणाला, मग हलकी झाली, सुटली तर जास्तच सुटेल. बाबा, तो डोळा सांभाळा, धूळ, तेल, काही लागू देऊ नका त्याला. मी म्हटलं, मोटारी मी तू जन्मायच्या आधीपासून फिरवतोय. हे वाक्य माझं ठरलेलं आहे. ते म्हटल्यावर काय होतं, हे बायकोला पाठ होतं.

मोटारीला वीज द्यायला बारा व्होल्टचा डबा हवा होता. बोईसर स्टेशनजवळ एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे जुन्या कॉम्प्युटरचे डबे पडलेले असतात. त्याने विचारलं, चाचा, इससे क्या चलाओगे? मी म्हटलं, कापूस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि डबा असाच देऊन टाकला. मी वेडा झालोय असं आळीत कुणी म्हणत नव्हतं, पण त्या दिवसापासून स्टेशनजवळ म्हणायला लागले असतील.

मग मी उभं केलं ते असं. लाकडी स्टूल, त्याला मधोमध भोक. मोटार वर उलटी बसवलेली, बूड आणि डोळा वरच्या अंगाला, तिचा दांडा भोकातून खाली लोंबतो. दांड्याला हिंगाची रिकामी पत्र्याची डबी, कडेने खिळ्याने भोकं पाडलेली. डबीखाली स्पिरिटचा दिवा. भोवती नातीचा लहानपणीचा आंघोळीचा टब, कापूस पकडायला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मावशी ओट्यावर होती. मोटार घुमली, आवाज चढला आणि एका जागी येऊन थांबला, भुंग्यासारखा, ना वर ना खाली. तेव्हाच मला बरं वाटलं. चांगली मोटार आवाजावरून ओळखता येते. साखर तापली, आणि टबाच्या कडेला धुकं जमल्यासारखं काहीतरी दिसलं. मी काठी फिरवली. काठीवर कापूस. मावशीने चाखला. हिंगाचा वास येतोय म्हणाली, पण गोड हाय.

"म्हातारीचे केस ना हे? आमच्या बायचे नव्हते असे. ती मेंदी लावायची. मी आणून द्यायची."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तिचे केस तसेच आहेत. डबी मी राखेने तीनदा घासली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी घरात कुठलंही यंत्र पहिल्यांदा लोकांसमोर चालू करायचो, म्हणजे दुरुस्त केलेला पंप, गिरणीची मोटार, काहीही, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसायची. तिथे भिंतीवर बटण आहे. मांडीवर ताट, ताटात तांदूळ, एक हात निवडतोय आणि एक हात बटणावर. बघायची नाही माझ्याकडे. मी म्हणायचो, काही होत नाही, तू तुझं काम कर. ती म्हणायची, तेच करतेय. आणि अंगणातून सरळ आत बघितलं की ती दिसायची. कितीतरी वेळा तिने खटकन बंद केलंय आणि मी उगाच ओरडलोय.

रविवारी ते तिघं आले. सुनेने आल्या आल्या स्टुलाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, याला परवानगी वगैरे लागते का. मुलाने वाकून डोळा बघितला, फुंकर मारली, ठीक आहे म्हणाला. सुनेने अट घातली, पोरगी पुढच्या दाराच्या आत बसेल, मशीन अंगणात राहील, आणि सगळी पोरं पायरीच्या वर. मी म्हटलं, मान्य. आळीतल्या बाया आल्या. मावशी नेहमीची पाटी घेऊनच आली, त्यात सुके बोंबील, नातीला भेट म्हणून. चार वर्षांच्या पोरीला बोंबील. ती म्हणाली, आमच्यात चालतं.

नात काळ्या झग्यात, अंगभर हलव्याचे दागिने. दागिने सुनेने पुण्याहून आणलेले, माझ्या खड्यांचे नव्हेत. तिने मुकुटातला एक दाणा तोडून खाल्ला, मग हारातला एक. सुनेने ओवाळलं, बायांनी वरून बोरं ओतली, पोरांनी लूट केली. सगळं नीट. नात पाटावरून म्हणाली, "आजोबा, कापूस?"

आता इथे मी केलं ते असं. कारखान्यात मोटार दुरुस्त होऊन चढली की कुंकू लावल्याशिवाय आम्ही तिला बटण लावत नव्हतो. खंडेनवमीला तर लेथपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. एवढी माणसं जमलीत, नातीचं काम आहे आणि यंत्र बिनकुंकवाचं, हे मला बरं दिसेना. घरात ते काम बायकोचं होतं. ती कोरडं कुंकू अनामिकेने टेकवायची, तिळाएवढं, वरच्या बाजूला. मी वाटीत पाणी घालून कालवलं आणि अंगठ्याने लावलं. माझा अंगठा म्हणजे दोन माणसांचे अंगठे. वर हळद, वर अक्षता, वर एक झेंडू. मुलगा तेव्हा फोटो काढण्यात होता. कुंकू ओघळलं, ते मी बघितलंही, आणि मला ते चांगलं दिसलं. देवीला ओघळतं तसं.

बटण मी स्वतः लावून आलो आणि स्टुलापाशी येऊन उभा राहिलो. मोटार घुमली. आवाज चढला. नेहमीच्या जागी आला. पहिला कापूस निघाला, साखरेत रंग घातल्याने गुलाबी, तो मी काठीवर घेऊन शेजारच्या मुलीला दिला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आणि आवाज त्या जागी थांबला नाही.

मला कळलं. मोटारवाल्याला कळतं. भुंग्याचा झाला शिट्टीवाला कुकर, कुकरचं झालं असं काहीतरी जे मी आधी ऐकलं नव्हतं. ओघळ डोळ्यावर पोचला होता. डोळा मिटला. आत सर्किटला वाटत होतं मोटार उभी आहे, आणि ते बिचारं ढकलत होतं. कापूस टबात मावेना. धागे इतके बारीक झाले की दिसत नव्हते, नुसते लागत होते, चेहऱ्यावर, हातांवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मावशीचं डोकं गुलाबी झालं. वाळत घातलेल्या चादरींना दाढी आली. मग धागाही धरेना, साखरेची भुकटी उडायला लागली आणि सगळी आळी शिंकायला लागली. दांडा थरथरला, आणि स्टूल चालायला लागलं. खरंच चालायला लागलं, एकेक पाय उचलत, तुळशीच्या दिशेने. मी वाकून त्याचा पाय धरायला गेलो तर खाली जाळ. मी दिव्याला लाथ मारली, तो विझला. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी मी केली. स्टूल तरीही चाललंच होतं.

आणि मी आत बघितलं. सवयीने. अंगणातून सरळ, स्वयंपाकघराच्या दाराकडे, आता खटका पडेल म्हणून.

तिथे पाट नव्हता. कुणी नव्हतं. नुसतं बटण.

मी तिथेच उभा राहिलो. पाय हललेच नाहीत. लोकांना वाटलं मी घाबरलो. घाबरलो नव्हतो. वाट बघत होतो.

तेवढ्यात डबी सुटली. टबाच्या कडेवर ठण्ण वाजली, वर उडाली, पत्र्यावर एकदा आपटली आणि मावशीच्या पाटीत, बोंबलांत जाऊन बसली. ओझं गेल्यावर मोटार अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा पाण्याच्या टाकीमागे गेला. आणि मग एकदम बंद. खटकन.

सुनेने बंद केली होती. हातात ओवाळायचं ताट तसंच, निरांजन विझलेलं, दुसरा हात बटणावर. केसांत साखर, भुवयांवर साखर. सगळे नातीकडे बघायला लागले. ती दाराच्या आत पाटावर होती, आणि वाऱ्याने सगळा उडालेला कापूस नेमका तिच्यावर आणून टाकला होता, डोक्यावर, मुकुटावर, मांडीवर. पोरगी दिसतच नव्हती, नुसतं गुलाबी ढगाला तोंड. त्या तोंडाने जीभ बाहेर काढून नाकाखालचं चाटलं.

"परत," नात म्हणाली.

मी काही परत म्हणणार नव्हतो. मला दिसत होतं पुढे काय ते. क्लबहाउस, फुगेवाला, भाड्याचं मशीन, आणि यानंतर म्हाताऱ्याला एकटं ठेवावं का यावर पुण्यात चर्चा. मुलगा स्टुलापाशी येऊन वाकला, बोट फिरवलं, लाल झालेलं बोट मला दाखवलं. मी म्हटलं, कुंकू. तो म्हणाला, दिसतंय. एवढंच. मला वाटलं होतं तो बोलेल. त्याने बोलावं असंही वाटत होतं.

मावशी पाटीत हात घालून डबी शोधत होती. "भाऊ," ती म्हणाली, "बाय असती तर तुमाला आज घरात घेतलं नसतं." आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले, साखर गेली असेल.

सून अजून बटणापाशीच होती. तिने ताट खाली ठेवलं, स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याखालून पाट ओढून आणला. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ती आमच्याकडे होती तेव्हा मी पंप दुरुस्त केला होता. तिने बघितलेलं असणार. मला आठवतही नव्हतं. तिने पाट दारात टाकला, नेमका तिथे, आणि नवी साडी सावरून बसली.

"बाबा, डोळा पुसा आधी. मग लावा परत. मी बसते इथे."

मी म्हटलं, "काही होत नाही."

ती म्हणाली, "होतं."

मुलाने स्पिरिटच्या बोळ्याने डोळा पुसला. मी मोटारीवरचं सगळं कुंकू काढलं, फक्त झेंडू राहू दिला, दुसऱ्या टोकाला. स्टूल तुळशीपासून ओढून जागेवर आणलं आणि त्याच्या पायांमधल्या पट्ट्यांवर दोन विटा ठेवल्या, खऱ्या विटा. डबी लिंबाने धुतली, राखेने घासली, पुन्हा लिंबाने धुतली. दिवा पेटवला. सुनेने बटण लावलं आणि हात तिथेच ठेवला. दुसऱ्या हाताने बांगड्यांतली साखर काढत बसली. माझ्याकडे बघत नव्हती.

मोटार घुमली, चढली, आणि आपल्या जागी येऊन थांबली. भुंगा. तरी मी एकदा आत बघितलं.

कापूस झाला. सगळ्या पोरांना पुरला. बोंबलांचा वास काही गेला नाही. शेजारच्या मुलांनी तोंडं वाकडी करून खाल्ला, मावशीने मिटक्या मारत खाल्ला, आणि नातीने दोन काठ्या संपवल्या. पुढे महिन्याभराने पुण्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला तिला दुकानातला कापूस मिळाला, तर ती म्हणाली, हा नाही, मासळीवाला पाहिजे. सुनेने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा हसून तिला बोलता येत नव्हतं.

बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जाण्याआधी, सुनेने दडपे पोहे केले. विचारून विचारून केले, म्हणजे मला विचारून, आणि मला अर्धंच माहीत. वर ताटली उपडी घातली आणि मोटार परत तिच्या पेटीत बसवून ती वीट ठेवली. विटेच्या पोटातल्या ताटल्या काढल्यामुळे वजन कमी पडलं, पोहे कडक राहिले. सगळे खाताना दातांचा आवाज येत होता. सून म्हणाली, "बाबा, सावकाश. गाडी दुपारची आहे."

मी सावकाश खाल्लं. मग दुसऱ्यांदा घेतलं. कांदा जास्त झाला होता.